उंबरठा : उणे पंच्याऐंशी

ऐरोलीच्या पुलावर केणी गाडी चाळीसवर धरतो.
डॅशबोर्डला रबराने बांधलेले चार फोन,
चारही चालू कॉलवर, कुणाशीच बोलत नाहीत.
मांडीवर लॅपटॉप. मी बघते
कोण कुठल्या खांबाला सोडतंय, आणि कधी.

मुलुंडकडचा खांब विरत जातो :
उणे अठ्ठ्याहत्तर, उणे ब्याऐंशी.
ऐरोलीचा अजून पुरता लागलेला नाही.
खाली ओहोटीची खाडी,
चिखलात कुणाचं तरी एक जाळं वाळत पडलेलं.

पहिला फोन उतावळा.
घणसोलीच्या वळणावर या खांबावरून त्या खांबावर,
परत यावर,
मिनिटात अकरा वेळा.
केणी म्हणतो, "आमच्या विलासच्या लग्नाचं असंच चाललंय."
तिसरा जुना आहे. तो सोडतच नाही.
एक काडी उरली, आवाज फाटला,
शेजारी पाचही काड्यांचा खांब उभा,
तरी नाही.
आमच्यात याला चिकट म्हणतात.

कधी सोडायचं ते फोन ठरवतो असं लोकांना वाटतं.
आकडा मी भरते.
रकान्याचं नाव उंबरठा.
सिग्नल त्याच्या खाली उतरला की दुसरा शोध.
शेजारी आणखी एक रकाना :
नवा जुन्यापेक्षा तीनने तरी सरस हवा,
तेही अर्धा सेकंद सलग.
नुसतं बरं असून भागत नाही.

हे एकदा बाबांना सांगितलं होतं, दिवे गावच्या जेटीवर.
ते दोर गुंडाळत होते. म्हणाले,
"मंग नवीन काय त्याच्यान?
एक पाय दुसऱ्या होरीत टेकल्याबिगर
पयल्या होरीतला उचलाचा नाय.
आन दोन होऱ्यांत पाय ठेवून
उभा पन ऱ्हाचा नाय."
मला हे शिकायला दोन सेमिस्टर लागले होते.

पुस्तकात आणखी एक गोष्ट होती.
माणूस हिंडता, पत्ता मात्र कायमचा;
घरी एकजण बसलेला,
आलेलं सगळं घेऊन पुढे धाडणारा,
आणि जिथे असाल तिथला एक तात्पुरता पत्ता, मार्फतचा.
परीक्षेत मी आकृती काढली : दोन ढग, चार बाण.
आता ढगाच्या जागी सुभद्राकाकू दिसते.
आम्ही चैत्रात सेक्टर आठला आलो, तिसऱ्या मजल्यावर,
पण विम्याची पत्रं, लग्नपत्रिका,
बाबांच्या नावाने अजून येणारी सोसायटीची नोटीस
जुन्या दारातच पडतात.
काकू उचलते, नातवाच्या सायकलवर पाठवते.
कधी पत्रासोबत सुकटीची पुडी.
हे पुस्तकात नव्हतं.

आणि आईचा फोन.
घरात नवा राउटर, भिंतीवर, मीच लावलेला.
ती मात्र बाल्कनीच्या एका कोपऱ्यात उभी राहते,
कपड्यांच्या दोरीखाली, मान तिरकी करून.
तिथे दोन गल्ल्या ओलांडून
जुन्या घरचा वायफाय पोचतो. एक काडी.
मावशीचा चेहरा चौकोनाचौकोनांत गोठतो,
ती त्या चौकोनांशी बोलत राहते.

मी फोन हातात घेतला.
पडद्यावर विचारलं होतं : हे नेटवर्क विसरायचं?
"काय करतेस?"
"नीट करते."
"लागतंय की," ती म्हणाली,
आणि फोन परत घेतला, पदराला पुसून.

रात्री जुन्या घरी गेले.
भाडेकरू नाशिकची मुलगी, कुठल्याशा बँकेत आहे,
दारात ओल्या केसांनी उभी.
म्हटलं, राउटर जरा खिडकीत ठेवशील का,
कपाटामागे आहे तो, खाडीकडच्या नको, या बाजूच्या.
ती म्हणाली, रेंज तर छान येते मला.
मी म्हटलं, हो, तुला येते.

कामाच्या हिशेबात हे चूक आहे.
माझ्याच हाताखालच्या पोराने केलं असतं
तर मी त्याला पुन्हा पुलावर धाडलं असतं.

सकाळी केणीने गाडी वळवली, परत चाळीसवर.
तिसरा फोन पुलाच्या मध्यावर
उणे त्र्याण्णवला लटकलेला.
घरी, बाल्कनीत, दोन काड्या.